रोड ट्रिपमधला जयपूरचा एक दिवस: सकाळी डोंगरावर गाडीने, दुपारी परकोट्यात पायी

महाराष्ट्रातून गाडी काढून राजस्थानला निघालेली मंडळी जयपूरला पोचतात तेव्हा सहसा दमलेली असतात. उदयपूर ते जयपूर जवळपास ४०० किलोमीटर. ते अंतर कापून संध्याकाळी शहरात शिरायचं, दुसरा दिवस जयपूरला द्यायचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्ली किंवा आग्र्याची वाट धरायची, असा बहुतेकांचा बेत असतो. तो एक दिवस हातातून निसटतो तो मुख्यतः गाडीमुळे. सकाळी अकरा वाजता हवामहलसमोर गाडी घेऊन पोचलेला माणूस पुढचा पाऊण तास पार्किंग शोधतो आणि दुपारी दोनच्या उन्हात आमेर चढतो.

जयपूर पाहण्याच्या दृष्टीने दोन तुकड्यांत पडतं. उत्तरेच्या डोंगरात आमेर, जयगड आणि नाहरगड. खाली सपाटीवर परकोटा, म्हणजे सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये चौकटी आखून वसवलेलं तटबंदीचं जुनं शहर. हवामहल, जंतरमंतर (दगडी यंत्रांची वेधशाळा), सिटी पॅलेस आणि बाजार या तटाच्या आत. पहिल्या तुकडीला स्वतःची गाडी असणं फार सोयीचं, दुसरीत तीच गाडी गळ्यातलं लोढणं होते. सकाळी गाडी, दुपारी मेट्रो आणि पाय, ही विभागणी पाळली की उरलेलं गणित आपोआप सुटतं.

आदल्या संध्याकाळी

मुक्काम परकोट्याबाहेर, मेट्रोच्या पिंक लाइनला धरून घ्या. ही लाइन मानसरोवरहून निघते आणि सिव्हिल लाइन्स, रेल्वे स्टेशन, सिंधी कॅम्प, चांदपोल, छोटी चौपड करत बडी चौपडला संपते. बडी चौपडला जमिनीवर आलात की हवामहल पाच मिनिटांच्या आत. सिंधी कॅम्पला लागून असलेला बनी पार्क कुटुंबांसाठी चांगला: झाडी आहे, जुन्या बंगल्यांची हॉटेलं आहेत आणि अजमेर रोडने येणाऱ्याला जुन्या शहरात शिरावं लागत नाही. परकोट्यातल्या हवेल्या फोटोत देखण्या दिसतात, पण बऱ्याच हवेल्यांच्या गल्लीत मोठी गाडी वळतच नाही. बुकिंग करताना 'पार्किंग आहे का' असं विचारलं तर उत्तर 'आहे' असंच येतं. म्हणून प्रश्न बदला: गाडी आवारात लागते की रस्त्यावर, आणि सकाळी सहाला बाहेर काढायची तर मागे दुसऱ्या गाड्या लागलेल्या असतील का?

रात्रीच सामान खोलीत उतरवून गाडी पूर्ण रिकामी करा. आमेरच्या पार्किंगमध्ये गाडी दोन-अडीच तास उभी राहणार असते, मागच्या सीटवर बॅगा दिसू नयेत. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना पाहा. इतक्या लांबून आल्यावर दुसऱ्या दिवशी घाट चढायचा असतो.

तिकिटांचंही याच वेळी ठरवा. राजस्थान सरकारचं एकत्रित तिकीट, म्हणजे कंपोझिट तिकीट, आमेर, हवामहल, जंतरमंतर, नाहरगड आणि अल्बर्ट हॉल संग्रहालयाला चालतं. दोन दिवसांची मुदत असते. यातली तीन ठिकाणं पाहणार असाल तर हेच घ्यायचं, शिवाय पुढच्या प्रत्येक खिडकीवरची रांग वाचते. जयगड आणि सिटी पॅलेस यात नाहीत, ते राजघराण्याकडे आहेत आणि त्यांचं तिकीट वेगळं. विद्यार्थ्यांना सरकारी ठिकाणी सवलत मिळते, मुलांची शाळा-कॉलेजची ओळखपत्रं खिशात असू द्या. राजस्थान दिवस (पूर्वी ३० मार्च, आता चैत्र शुद्ध प्रतिपदा), १८ एप्रिल (जागतिक वारसा दिवस), १८ मे (संग्रहालय दिवस) आणि २७ सप्टेंबर (पर्यटन दिवस) या तारखांना सरकारी ठिकाणी प्रवेश फुकट असतो. एकच दिवस हातात असेल तर हे चार दिवस टाळलेलेच बरे, वाचलेले पैसे गर्दीत वसूल होतात.

पहाट: हवामहल बाहेरून

हवामहलचा तो प्रसिद्ध दर्शनी भाग पूर्वेकडे तोंड करून आहे. म्हणजे त्याचा फोटो सकाळचा. सूर्योदयानंतर अर्ध्या-पाऊण तासाने ऊन वरच्या मजल्यांवर उतरतं आणि गुलाबी दगडाचा रंग खरा दिसतो. दुपारनंतर हीच भिंत सावलीत असते. शिवाय आमेरचा रस्ता याच्या समोरूनच जातो. चांदपोल दरवाज्यातून आत, सरळ त्रिपोलिया बाजार, बडी चौपडला डावीकडे वळलं की हवामहल, पुढे जोरावरसिंग दरवाजा आणि आमेर रोड. या वेळी दुकानं बंद असतात, रस्ता मोकळा असतो. दहा मिनिटं थांबा, एकाने गाडीतच बसा, फोटो काढा आणि निघा.

वाटेत उजवीकडे तळ्यातला जलमहल लागतो. सकाळी सूर्य त्याच्या मागे असल्याने फोटो काळा येतो. आत जाता येत नाही, लोक काठावरूनच पाहतात. थांबायचं असेल तर परतताना थांबा.

आमेर: आठच्या ठोक्याला

शहरापासून आमेर ११ किलोमीटर. महालाचं दार आठला उघडतं आणि दिल्लीहून येणाऱ्या बसगाड्यांचे जथे साडेनऊनंतर सुरू होतात. हा दीड तास म्हणजे सगळ्या दिवसाची कमाई आहे, तो कचोरीच्या रांगेत घालवू नका. उन्हाळ्यात उजाडतं लवकर, तेव्हा आठच्या आधी आमेर गावातली पन्ना-मीना बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाहून घ्या. तिच्या एकमेकांत गुंतलेल्या पायऱ्या काठावरूनच बघायच्या, खाली उतरायला पहारेकरी मनाई करतो. तिथून जवळच जगत शिरोमणीचं मंदिर आहे. आमेरचा राजा मानसिंग याच्या राणीने अकाली गेलेल्या मुलाच्या, जगतसिंगाच्या स्मरणार्थ बांधलेलं हे मंदिर कोरीव कामात अव्वल असूनही बहुतेक पर्यटक चुकवतात.

गाडी खाली मावठा तलावाजवळ लावा. वर जायचे तीन मार्ग: पायऱ्या आणि उतरणीची वाट (सवयीच्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं), जीप आणि हत्ती. गुडघे दुखणारे कोणी बरोबर असतील तर जीप, नाहीतर पायी. हत्तीच्या भानगडीत पडू नये असं आमचं स्पष्ट मत: रांगेत वेळ जातो आणि तापल्या दगडांवरून माणसं वाहणाऱ्या त्या जनावराचे हाल होतात ते वेगळेच. स्वतःची गाडी गावातल्या गल्ल्यांतून मागच्या अंगाने वर नेण्याचा सल्ला कोणी देईलही. समोरून जीप आली की मागे घ्यायला जागा नसते, एवढं ध्यानात ठेवा.

सूरजपोलातून (पोल म्हणजे दरवाजा) जलेब चौकात आलात की तिकीट खिडकी. सिंहपोलाच्या पायऱ्यांपाशी शिलादेवीचं देऊळ आहे. मानसिंगाने ही मूर्ती बंगालच्या मोहिमेवरून आणली. कातडी पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं आणि दुपारी देऊळ बंद असतं, म्हणून दर्शन घ्यायचं तर चढतानाच घ्या.

आत गेल्यावर सगळे दिवान-ए-आमच्या खांबांपाशी रेंगाळतात. तुम्ही मात्र गणेशपोल ओलांडून थेट शीशमहलपाशी जा आणि बाकीचं उलट पाहत या. शीशमहलच्या खोलीत शिरता येत नाही, व्हरांड्यातूनच बघायचा असतो. दहा वाजता तिथे तीन-चार रांगा खोल गर्दी असते, सव्वाआठला कठड्याला टेकून उभं राहता येतं. आरसे पाहून झाले की नजर खाली वळवा. एका संगमरवरी खांबाच्या पायथ्याशी हातभर उंचीवर एक फूल कोरलेलं आहे, दोन फुलपाखरं त्याच्यावर. तळहाताने फुलाचा वेगवेगळा भाग झाका: कधी नाग दिसतो, कधी हत्तीची सोंड, कधी माशाची शेपटी, विंचू, मक्याचं कणीस. गाइड हे दाखवतात, पण गर्दीत खाली वाकायलाही जागा उरत नाही.

समोर बागेपलीकडे सुखनिवास. भिंतीतून पाणी सोडून ते मधल्या पन्हाळीतून बागेत वाहून न्यायचं आणि त्यावरून वारा खेळवून दालन गार करायचं, अशी योजना. मग जिन्याने गणेशपोलाच्या वर चढा, तिथल्या जाळीतून दिवान-ए-आमचं अंगण दिसतं. सर्वांत मागे मानसिंगाचा जुना महाल. आमेरचं बांधकाम १५९२ मध्ये त्याने सुरू केलं, शीशमहल आणि दिवान-ए-आम मात्र मिर्झाराजे जयसिंगांच्या काळातले. मराठी माणसाने इथे जरा थबकायलाच हवं. १६६५ चा पुरंदरचा तह ज्यांनी घडवला ते हेच मिर्झाराजे, आणि पुढल्या वर्षी आग्र्यात शिवाजी महाराजांची जबाबदारी ज्याच्यावर होती तो रामसिंग त्यांचा मुलगा. आग्र्याच्या त्या दिवसांची दरबारी माणसांनी कळवलेली बारीकसारीक हकिगत आपल्याला मिळाली तीही याच घराण्याच्या दफ्तरातून.

साडेदहाला बाहेर पडा. गाइड घ्यायचा तर ओळखपत्र बघून आणि 'दुकानात नेणार नाही' हे आधी कबूल करून घेऊन.

जयगड

आमेरच्या वरच जयगड. महालातून तिथे जाणारा भुयारी मार्ग आहे, पण त्याने गेलात तर गाडीसाठी पुन्हा आमेरला उतरायचं. गाडी असताना जयपूरच्या दिशेने थोडं मागे येऊन कनक घाटीपाशी उजवीकडे डोंगराचा रस्ता पकडा. वर फाटा फुटतो: एक जयगडाला, दुसरा नाहरगडाला. रस्ता अरुंद, वळणांचा. चढताना एसी बंद करायची वेळ आली तर करा. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, सतत ब्रेकवर पाय ठेवला की ते तापून पकड सोडतात. वळणावर हॉर्न दिल्याशिवाय जाऊ नका, कारण शनिवार-रविवारी दुचाकीवरची पोरं मधूनच येतात.

इथलं आकर्षण म्हणजे जयवाण तोफ. १७२० मध्ये गडावरच्याच कारखान्यात ओतलेली, वजन सुमारे ५० टन, नळी २० फुटांची. ती एकदाच, तीही चाचणीसाठी उडवली गेली. गोळा ३५ किलोमीटरवर पडून तळं झालं ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो; ऐकावी आणि सोडून द्यावी. तोफेपेक्षा टाकी बघा. आपल्याकडे सह्याद्रीत कातळ खोदून टाकी केली, तिथेच पाणी पाझरतं किंवा साठतं. इथे डोंगरउतारांवरून दगडी कालवे काढून पावसाचं पाणी कित्येक किलोमीटर वाहून आणलंय. वाटेत गाळ बसायला खड्डे ठेवलेत आणि मग ते गडाच्या पोटातल्या टाक्यांत सोडलंय. याच टाक्यांभोवती खजिन्याची दंतकथा आहे. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सरकारने इथे खरोखर खोदकाम करून शोध घेतला होता.

तासाभरात जयगड होतो. साडेबारापर्यंत खाली उतरा आणि गाडी थेट हॉटेलवर लावा. हॉटेल लांब असेल तर अल्बर्ट हॉलजवळ रामनिवास बागेत जमिनीखालचं मोठं पार्किंग आहे, तिथून ई-रिक्षा करा.

दुपारी जेवण हलकं घ्या. दालबाटी-चुरमा तुपात न्हालेला असतो आणि दोन बाट्या पोटात गेल्या की तीन वाजता जंतरमंतर दिसणार नाही, डुलकी दिसेल. तो रात्रीचा बेत.

दुपार: परकोटा

दोनच्या सुमारास मेट्रोने बडी चौपड. हवामहलचं दार मागच्या बाजूने आहे. समोरून शोधत फिरणाऱ्यांना 'आज बंद आहे, चला दुसरं दाखवतो' म्हणणारे रिक्षावाले भेटतात. दुर्लक्ष करा आणि वळसा घालून मागे जा. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंगांनी बांधलेल्या या वास्तूला ९५३ झरोके आहेत. वरचे मजले जेमतेम एका खोलीइतके खोल. वर चढायला बहुतेक ठिकाणी पायऱ्यांऐवजी उतरती वाट आहे, तिचा आजी-आजोबांना फायदा होतो, पण वरच्या टप्प्यात ती इतकी चिंचोळी आहे की समोरून माणसं आली की थांबावं लागतं. अर्धा-पाऊण तास पुरे.

तिथून जंतरमंतर पायी पाच मिनिटांवर. वेळ कमी पडत असेल तर सिटी पॅलेस सोडा, हे सोडू नका. पण ऊन हवं. ढगाळ दिवशी ही निव्वळ विचित्र आकाराची बांधकामं वाटतात, कारण यातलं बरंचसं काम सावलीवर चालतं.

आधी छोटं सम्राट यंत्र, म्हणजे सूर्यघड्याळ, गाठा. मधली तिरकी भिंत २७ अंशांनी कललेली आहे, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतकी. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. कमानीवरच्या खुणांवरून वेळ वाचा आणि घड्याळाशी ताडून पाहा. जुळणार नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, जयपूर ७५.८ अंशांवर. फरक ६.७ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणून यंत्र सरासरी २७ मिनिटं मागे. त्यात सूर्याच्या चालीतला वर्षभराचा कमी-जास्तपणा मिसळतो: फेब्रुवारीच्या मध्याला फरक ४१ मिनिटांपर्यंत जातो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १० मिनिटांवर येतो. मुलांना हे आधी न सांगता वेळ वाचायला लावा.

मग मोठं सम्राट यंत्र, २७ मीटर उंच. इथली सर्वांत लहान खूण दोन सेकंदांची. सावली मिनिटाला सुमारे ६ सेंटीमीटर सरकते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी सरकताना दिसते. मात्र तिची कड धूसर असते, कारण सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. कडेजवळ पेन किंवा ताणलेला दोरा धरला आणि त्याची सावली कुठे विरघळते ते पाहिलं की वाचन सुधारतं. पुढच्या आवारात राशिवलयाची बारा यंत्रं आहेत, प्रत्येक राशीला एक. आपापल्या राशीच्या यंत्रापुढे फोटो काढणाऱ्यांची तिथे झुंबड असते. इथे सावलीला जागा जवळजवळ नाही. टोपी, पाणी आणि तासभर वेळ. या एका ठिकाणी गाइडचे पैसे वसूल होतात.

चारला उरलेला वेळ सिटी पॅलेसला. प्रीतम निवास चौकातले ऋतूंचे चार दरवाजे आणि चांदीचे दोन महाकाय गंगाजली घडे, एवढं नीट बघा. १९०२ मध्ये माधोसिंग दुसरे इंग्लंडला गेले ते यांतून गंगाजल घेऊन. एकेक घडा ३४५ किलोचा.

इथून बाहेर पडताना त्रिपोलिया बाजारावरून वर उठलेला पिवळसर मनोरा दिसेल. तो ईसरलाट. भाऊबंदकीच्या लढाईत मराठे आणि मेवाडच्या फौजेची साथ असलेल्या भावावर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून जयपूरचा राजा ईश्वरीसिंग याने तो १७४९ मध्ये उभारला. पुढच्याच वर्षी मल्हारराव होळकर फौजेनिशी जयपूरवर चालून आले तेव्हा ईश्वरीसिंगाने विष घेतलं, आणि जानेवारी १७५१ मध्ये शहरात शिरलेल्या मराठ्यांची जयपूरकरांनी कत्तल केली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हे पान घाईत उलटलं जातं.

संध्याकाळी जौहरी बाजार आणि बापू बाजार. रविवारी परकोट्यातली पुष्कळ दुकानं बंद असतात. कापडाला घासाघीस चालते, खड्यांना चालत नाही, कारण खडा ओळखणाऱ्यालाच भाव कळतो. 'हे खडे घेऊन जा, मुंबईत आमचा माणूस दुप्पट भावाने घेईल' असं कोणी म्हणालं की चहाचा कप खाली ठेवून उठावं. घरी न्यायला घेवर (इथली जाळीदार मिठाई) घ्यायचा तर फिका घ्या. मावा-रबडीचा घेवर गाडीच्या डिकीत दुसऱ्या दिवशी आंबतो, फिका कित्येक दिवस टिकतो.

नाहरगडाचं काय?

सूर्यास्त नाहरगडावरूनच पाहायचा, हा हट्ट रास्त आहे. खाली सबंध गुलाबी शहर उजळत जातं. पण नकाशात परकोट्याच्या डोक्यावर दिसणारा हा गड गाडीने जायचं तर आमेर रोडने मोठा वळसा घालून गाठावा लागतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो, म्हणजे सव्वाचारलाच निघावं लागेल आणि परकोट्याचा अर्धा भाग बुडेल. थंडीत तो सोडा, किंवा जयगडाऐवजी सकाळीच करा. एप्रिल ते जूनमध्ये उलट: आमेर आठ ते दहा, तिथून सरळ परकोटा एकपर्यंत, दुपारी खोलीत आराम आणि साडेपाचला गाडी काढून नाहरगड. जूनअखेरीस सूर्य सव्वासातनंतर मावळतो. जयगड यात गळतो. अंधार पडल्यावर तो घाट उतरायचा असतो, म्हणून गाडी नवख्याच्या हाती देऊ नका.

दुसऱ्या दिवशीची वाट बघून बेत बदला

दिल्लीला जाणार असाल तर आमेर, कूकस, चंदवाजी असाच रस्ता महामार्गाला मिळतो. अशा वेळी आमेर निघण्याच्या सकाळवर ढकलता येतं. आठला आत, साडेदहाला पुढच्या रस्त्याला. तसं केलं तर गाडीत सामान असेल, म्हणून एकाने गाडीपाशी थांबायची तयारी ठेवा.

आग्र्याला जाणार असाल तर घाट की गुणीचा बोगदा ओलांडून दौसामार्गे निघा आणि सिकंदरा गावापाशी आत वळून आभानेरीची चांद बावडी करा. तेरा मजले खोल, सुमारे साडेतीन हजार पायऱ्या, तासाभराचं काम. जयपूर सोडताना टाकी काठोकाठ भरू नका: राजस्थानात पेट्रोल-डिझेल उत्तर प्रदेशापेक्षा महाग आहे, आग्र्यापर्यंतच्या २४० किलोमीटरला पुरेल एवढंच टाका. येताना हाच हिशेब गुजरातेत, शामलाजीच्या अलीकडे करायचा, तिथे मात्र टाकी पूर्ण भरून.